एकाच कोल्ड रूममध्ये सगळं माळवं ठेवता येईल का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. शिरोळ तालुक्यातले तुम्ही अकरा शेतकरी गट करून पाच टनांची कोल्ड रूम बांधायच्या विचारात आहात. टोमॅटो, वांगी, ढबू (सिमला) मिरची, काकडी, कोथिंबीर-मेथी आणि दोघांची केळी, हा सगळा माल तिच्यात ठेवायचा. भाव पडला की आत, चढला की बाहेर. तापमान किती ठेवायचं आणि मालाचा दर्जा किती दिवस टिकेल, असं तुम्ही विचारलंय.

मी बावीस वर्षं करवीर तालुक्यात भाजीपाल्याचं पॅकहाऊस चालवतोय, म्हणून आधी स्पष्टच सांगतो. या सगळ्या जिनसांना चालेल असं एक तापमान नाही. वांग्याला सोसतं तिथं कोथिंबीर आठवडाभरात पिवळी पडते, आणि कोथिंबिरीला मानवतं तिथं वांगं आतून काळं पडतं. खोली बांधूच नका असं माझं म्हणणं नाही. पण तुम्ही मशीनपासून विचार सुरू केलाय, तो मालापासून सुरू करा. कुठला माल, कधी तोडणार, तोडल्यावर दोन तास कुठं असणार, हे ठरलं की मशीनचं आपोआप ठरतं.

तोडलेला माल जिवंत असतो, ही गोष्ट नीट समजून घेतली की बाकीचं सगळं सोपं होतं. झाडावर होता तोवर मुळं पाणी देत होती, पानं साखर देत होती. देठ तुटला की आवक बंद आणि खर्च मात्र चालूच. फळ श्वास घेत राहतं, साठलेली साखर जाळतं, पाणी हवेत सोडतं आणि त्यातून स्वतः गरम होतं. तापमान १० अंशांनी वाढलं की हा खर्च साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. साठवणुकीच्या सगळ्या पद्धती, मग ती विटांची ओली पेटी असो की लाखो रुपयांची खोली, हा खर्च फक्त मंद करतात. दर्जा वाढवत नाहीत. सकाळी पहिल्या नंबरचा असलेला माल दुपारपर्यंत उन्हात राहिला आणि दोन नंबरचा होऊन खोलीत गेला, तर तो दोन नंबरचाच बाहेर येणार.

पन्हाळ्यावर शेगडीवर भाजलेलं कणीस खाल्लंय ना? शेतातून तासाभरापूर्वी आलेल्या कणसाची गोडी आणि आदल्या दिवशीच्या कणसाची गोडी यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. गोड मक्याचं कणीस ३० अंशांत दिवसभर पडून राहिलं तर त्यातली निम्म्याहून जास्त साखर जाते. शून्य अंशाजवळ ठेवलं तर त्याच दिवसात अगदी थोडी जाते. दाणे दिसायला सारखेच, वजनही जवळजवळ तेच, पण चव गेलेली असते. पालकाचंही तसंच. पान हिरवं दिसतं, पण उघड्यावर एक-दोन दिवस राहिलं की त्यातल्या क जीवनसत्त्वाचा मोठा हिस्सा संपलेला असतो. म्हणून दर्जा म्हणजे नुसतं दिसणं असं धरू नका. गिऱ्हाईक एकदा दिसण्यावर घेतं, पुन्हा येतं ते चवीवर.

आता तोडणीची वेळ. माझ्याकडे सुईचा एक थर्मामीटर आहे, फळाच्या गरात खुपसायचा. एका एप्रिलमध्ये मी एकाच प्लॉटमधल्या टोमॅटोत तो घालून पाहिला. सकाळी साडेसहाला तोडलेल्या फळात २३ अंश. त्याच रानात दुपारी दोन वाजता, बांधावर उघड्या क्रेटमध्ये वरच्या थरात असलेल्या फळात ३८. आता याचा हिशेब करा. एक किलो टोमॅटोचं तापमान एक अंशानं उतरवायला साधारण ४ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. म्हणजे एक टन माल २३ वरून १२ वर आणायला सुमारे १२ युनिट इतकी उष्णता बाहेर काढायची. ३८ वरून १२ वर आणायला सुमारे २९ युनिट. (ही बाहेर काढायच्या उष्णतेची युनिटं आहेत, विजेचं बिल त्याहून कमी येतं, पण प्रमाण तेच राहतं.) तुमचा पाच टन माल सहा तासांत थंड करायचा म्हटलं तर पहाटेच्या मालाला साधारण तीन टन क्षमतेचं मशीन लागेल आणि दुपारच्या मालाला सात टनांचं. (मशीनचा टन म्हणजे त्याच्या गार करायच्या ताकदीचं माप, मालाचं वजन नव्हे.) दाराची ये-जा, भिंतीतून येणारी उष्णता, पंख्यांची उष्णता हे सगळं यात वेगळं. तोडणी दुपारवरून पहाटेवर आणली तर मशीन निम्म्याहून लहान होतं. कोटेशन देणारा तुम्हाला हे सांगणार नाही, कारण त्यानं तुमचं रान पाहिलेलं नसतं.

मजूर पहाटे मिळत नाहीत, हे मला माहीत आहे. आमच्याकडेही तीच अडचण. मग निदान सावली करा. रानाच्या कडेला चार बांबू आणि शेडनेट, खाली मोकळी हवा. क्रेट भरला की दहा मिनिटांत सावलीत गेला पाहिजे, ट्रॉली भरेपर्यंत बांधावर नाही. पालेभाजीवर ओलं गोणपाट टाकलं तरी चालतं. टोमॅटो-वांग्यावर पाणी मारू नका. देठाच्या खाचेत पाणी बसतं आणि सड तिथूनच सुरू होते.

वांग्याची एक गोष्ट सांगतो, कारण त्यातूनच मी हे काम शिकलो. धंद्याचं दुसरं वर्ष होतं. कृष्णाकाठच्या वांग्यांचा भाव एकदम कोसळला. मी दुसऱ्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये जागा भाड्यानं घेऊन चाळीस क्रेट ठेवले. तिथं बटाटा होता आणि तापमान ४ अंश. बटाट्यासाठी ते बरोबरच होतं, चूक माझी होती. आठ दिवसांनी माल काढला तेव्हा वांगी इतकी चकचकीत दिसत होती की मला धन्य वाटलं. संध्याकाळी काढलेला माल दुसऱ्या दिवशी पहाटे कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात सौद्याला गेला. तोवर सालीवर बारीक बारीक खड्डे पडायला लागले होते आणि देठाची टोपी तपकिरी झाली होती. अडत्यानं एक वांगं उचललं, अंगठ्यानं दाबून उभं फोडलं. आत बिया काळपट-तपकिरी आणि गरात तशाच रेघा. त्यानं दोन्ही अर्धी क्रेटवर ठेवली आणि पुढच्या मालाकडं गेला. काही बोलला नाही. सहा शेतकऱ्यांचा माल होता तो. त्यांचे पैसे मी नंतर चुकते केले, पण त्यांतल्या एका म्हाताऱ्या आजोबांनी ती फोडलेली वांगी हातात घेऊन ‘रानातनं तर चांगली आली होती रं’ म्हटलेलं मला अजून ऐकू येतं.

याला थंडीची इजा म्हणतात. उष्ण प्रदेशातल्या फळभाज्यांच्या पेशींचं आवरण ठरावीक तापमानाखाली बिघडतं. आणि यातली फसगत अशी की थंडीत असताना काही दिसत नाही. माल बाहेर काढून उबेत आला की एक-दोन दिवसांत सगळं वर येतं, म्हणजे नेमकं गिऱ्हाइकाच्या घरी. खोलीत डोकावून ‘माल छान आहे’ म्हणणं म्हणूनच निरुपयोगी. क्रेट बाहेर काढून दोन दिवस टेबलावर ठेवा, मग बोला.

तुमच्या जिनसांचं असं आहे. वांगी आणि काकडी १० ते १२ अंशांत ठेवायची, आणि तिथंही दहा दिवसांच्या पुढं फार आशा धरायची नाही. काकडी त्याखाली गेली की सालीवर पाणथळ डाग येतात. ढबू मिरची ७ ते १० मध्ये दोन आठवडे छान राहते. टोमॅटो हिरवा-पांढुरका असेल तर १३ ते १५, लाल झालेला असेल तर १० ते १२. टोमॅटो जास्त थंडीत ठेवून लोक सर्रास नुकसान करून घेतात. १० अंशांखाली आठवडाभर राहिला की त्याच्यात वास तयार होण्याची क्रिया मंदावते. बाहेर काढल्यावर रंग राहतो, पण फोडणीत घातला की रश्शाला नुसता रंग येतो, आंबट-गोड वास येत नाही. हिरवा असतानाच थंडी लागलेला टोमॅटो तर चट्ट्यापट्ट्यानं पिकतो आणि त्यावर काळी सड लवकर धरते. केळी १३ अंशांखाली न्यायचीच नाहीत. थंडी लागलेल्या केळ्याची साल नखानं खरवडली तर आत तपकिरी धागे दिसतात, आणि पिकल्यावर पिवळा रंग धुरकट, मळका येतो.

कोथिंबीर, मेथी, पालक, कोबी, फ्लॉवर, गाजर यांचं सगळंच वेगळं. त्यांना शून्याजवळ, आपल्याकडच्या खोलीत जमेल तसं २ ते ४ अंश आणि ९५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते. कोथिंबीर अशी ठेवली तर दोन आठवडे टिकते. म्हणजे तुमच्या यादीत सरळ दोन गट पडतात, आणि त्यांची एक खोली होत नाही.

केळ्यांचा अजून एक प्रश्न आहे तो इथंच सांगतो. पिकणारं केळ आणि पिकणारा टोमॅटो इथिलीन वायू सोडतात. हवेत दहा लाखांत एक भाग असला तरी काकडी पिवळी पडते, वांग्याची टोपी सुटते, कोथिंबिरीचं पान फिकट होतं. बंद खोलीत एका घडाची हवा सगळ्यांना लागते. पिकवायची केळी तर पूर्ण वेगळ्या बंद खोलीत, साधारण १६ ते १८ अंशांत, मोजून सोडलेल्या इथिलीनवर पिकवायची. कायद्यानं १०० पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाखांत शंभर भागांपर्यंत, परवानगी आहे. कार्बाइडला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. तुमच्यातल्या दोघांची केळी या खोलीतून बाहेरच ठेवा, माझं हे मत पक्कं आहे.

आता घट. माल खोलीत टिकतो पण सुकतो, आणि सुकलेलं वजन कुणी भरून देत नाही. पालेभाजीचं पाणी पाच टक्क्यांपर्यंत उडालं की पान मलूल होतं आणि ती विकायच्या लायकीची राहत नाही. खोली कोरडी का पडते हे बघा. आतली कॉइल, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांची जाळी, लहान असेल तर खोली थंड ठेवायला ती स्वतः फार गार व्हावी लागते. हवेतलं पाणी तिच्यावर जमतं, बर्फ होतो, आणि ते पाणी शेवटी तुमच्या भाजीतूनच आलेलं असतं. कॉइल मोठ्या पृष्ठभागाची घेतली तर तिचं आणि खोलीचं तापमान जवळजवळ राहतं आणि आर्द्रता टिकते. स्वस्त कोटेशनमध्ये पहिली काटछाट इथंच होते, म्हणून कॉइलचं माप लेखी मागा. क्रेट भिंतीपासून चार-सहा इंच सोडून लावा, वरती छतालाही मोकळं ठेवा, आणि पंख्याच्या थेट झोतात पालेभाजी नको.

कोथिंबिरीच्या पेंड्या बारीक भोकांच्या प्लॅस्टिक पिशवीत घातल्या तर घट खूप कमी होते. भोकं मात्र पाहिजेतच. पूर्ण बंद पिशवीत ती स्वतःचा प्राणवायू संपवते आणि आंबूस वास मारायला लागते. आणि पेंडी बांधायच्या आधी ओढ्यात-नदीत बुडवून वजन वाढवायची सवय तुमच्याकडे कुणाला असेल तर ती मोडा. पहाटे यार्डात अशी एखादी गच्च पेंडी सोडून मधे हात घाला. ऊब लागते. बाहेरची पानं हिरवीगार आणि मधली पिवळी, चिकट. तीच कोथिंबीर उद्या कुणीतरी कच्ची मिसळीवर घालून खाणार आहे. धुवायचीच असेल तर पिण्याच्या पाण्यानं धुवा, निथळू द्या, मग बांधा, सैल बांधा.

एक गैरसमज मात्र नक्की काढतो. कोल्ड रूम माल थंड *ठेवते*, पटकन थंड *करत* नाही. रचलेल्या क्रेटच्या मधल्या टोमॅटोला बाहेरच्या गारव्यापर्यंत पोचायला अख्खा दिवस लागू शकतो. त्याला उपाय साधा आहे. क्रेटच्या दोन ओळी समोरासमोर लावायच्या, मधे बोळ सोडायचा, वरून आणि एका टोकाकडून ताडपत्रीनं झाकायचं, दुसऱ्या टोकाला पंखा लावून बोळातली हवा बाहेर ओढायची. मग गार हवेला क्रेटच्या भोकांतूनच आत यावं लागतं आणि काम काही तासांत होतं. मात्र क्रेट बाजूनं भोकांचे हवेत आणि आतून वर्तमानपत्र लावलेलं नको. पोत्यातल्या मालाला ही पद्धत लागू पडत नाही. पोतं तसंही बाद करा. वांगं आणि ढबू पोत्यात आलं की खालच्या थराचा दर्जा रस्त्यातच संपतो.

पावसाळ्यात आपल्याकडे वेगळीच अडचण येते. जुलैत खोलीतून १० अंशांचा माल बाहेर काढला की मिनिटभरात त्याला घाम फुटतो. ओल्या सालीवर बुरशीला पर्वणी. म्हणून गाडी दाराला लावून थेट भरा आणि गाडी थंड नसेल तर माल एकदम उघडू नका. वरून ताडपत्री ठेवून हळूहळू बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, मग सोडा. वाशीला जाणाऱ्या गाडीत हा घाम रात्रभर तसाच राहतो आणि पहाटे वरचा क्रेट उघडला की वास येतो.

खोलीआधी एक स्वस्त गोष्ट करून बघा असं मी सुचवेन. दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेनं १९८० च्या दशकात विजेशिवाय चालणारा शीतकक्ष तयार केला. विटांच्या दोन भिंती, मधे तीन इंचांची फट, फटीत वाळू, वर गवताचं किंवा वाळ्याचं झाकण. सकाळ-संध्याकाळ वाळू भिजवायची. साधारण शंभर किलो माल बसतो. मार्च ते मेच्या कोरड्या उन्हात बाहेर ३७ असताना आत २५-२६ मिळतं आणि आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास राहते. वांगी, टोमॅटो, पालेभाजी एक-दोन दिवस थांबवायला यापेक्षा चांगलं काही नाही, आणि थंडीच्या इजेची भीती शून्य. जून ते सप्टेंबर मात्र त्याचा उपयोग नाही. हवाच ओली असते, पाणी उडत नाही, मग गारवा कुठून येणार? पुराचं पाणी येतं त्या पट्ट्यात असाल तर तो उंचवट्यावरच बांधा.

कांदा-बटाटा तुमच्या यादीत नाही, पण गटात कुणीतरी काढणारच, म्हणून दोन शब्द. कांदा या खोलीत आणूच नका. त्याला ६५ ते ७० टक्के आर्द्रतेची, म्हणजे कोरडी, खेळती हवा लागते. एकतर शून्याजवळ नाहीतर २५ ते ३० अंशांत, मधल्या गारव्यात त्याला कोंब फुटतात. रब्बीचा कांदा पातीसकट सावलीत सुकवून, इंचभर मान ठेवून कापून, जमिनीपासून दीड-दोन फूट उंच चाळीत ठेवा. खरिपाचा कांदा साठवायचा नाद करू नका. चंदगडचा बटाटा २ ते ४ अंशांत ठेवला तर बियाण्याला ठीक, खायला मात्र गोड होतो आणि तळला की काळा पडतो. वडेवाला असा बटाटा एकदा घेईल. बाहेर काढून दोन आठवडे १५ ते २० अंशांत ठेवला तर गोडवा बराच उतरतो.

तुमच्या जागी मी असतो तर पाच टनांच्या एका खोलीऐवजी मधे पार्टिशन घालून दोन भाग केले असते. मोठा भाग १० ते १२ अंशांचा, वांगी-काकडी-ढबू आणि रंग आलेल्या टोमॅटोसाठी. ढबूला तो दोन अंश उबदार पडेल, पण इजा होणार नाही. हिरवा टोमॅटो खोलीत नकोच, तो शेडमध्ये सावलीत पिकू द्या. त्यानं सोडलेला इथिलीनही खोलीबाहेर राहतो. रंग आलेला टोमॅटोही इथिलीन सोडतोच, म्हणून तो आत तीन-चार दिवसांपेक्षा जास्त नको. लहान भाग ३ अंशांचा, फक्त पालेभाजीसाठी, स्वतंत्र मशीन आणि स्वतंत्र दार. आणि भाव चढेपर्यंत माल दाबून ठेवायचा हेतू सोडून दिला असता. ताज्या भाजीत तो जुगार होतो. खोलीचा खरा फायदा तीन-चार दिवसांचा आहे: शनिवारची आवक सोमवारी नेणं, गाडी पूर्ण भरेपर्यंत माल धरणं, पुण्या-मुंबईला किंवा गोव्याला ताजा पोचवणं.

कोटेशनवर सही करायच्या आधी पंधरा दिवस एक वही ठेवा. सुईचा थर्मामीटर स्वस्त मिळतो, तो घ्या. रोज प्रत्येक जिनसाच्या तीन क्रेटमधलं तोडणीचं तापमान, सावलीत पोचल्याची वेळ आणि वजन लिहा. त्यातला एक क्रेट शेडमध्ये बाजूला ठेवून दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी पुन्हा वजन करा, फळ फोडून बघा. ती वही घेऊन माझ्याकडे आलात तर कॉइल किती मोठी घ्यायची आणि पार्टिशन कुठं घालायचं, हे आपण समोरासमोर बसून काढू.